तवा टाकायचा की पाणी तपासायचं? घरातलं पीएफएएस

रसायनी_पाताळगंगा

बिडाच्या तव्याच्या धाग्यावर निम्मे प्रतिसाद "नॉनस्टिक म्हणजे कॅन्सर" आणि उरलेले "हे सगळं परदेशी थोतांड" असे आले, म्हणून नॉनस्टिकमागच्या पीएफएएस या रसायनांचा विषय इथे वेगळा काढतोय. रसायन, आकडे आणि घरात काय करता येईल एवढंच लिहू या. "माझी आजी नव्वदीपर्यंत जगली" हा युक्तिवाद कृपया नको.

पीएफएएस हे एक रसायन नाही, हजारो संयुगांचं खानदान आहे. कार्बनच्या साखळीवर हायड्रोजनच्या जागी फ्लोरीन बसवलेला असतो. हा बंध इतका घट्ट की जिवाणू, ऊन, आपलं यकृत, कुणालाच तो धड तोडता येत नाही. गंमत अशी की मेण पाणी झटकतं पण तेल शोषतं, सिलिकोनचंही साधारण तसंच. पाणी आणि तेल दोन्ही झटकायला जवळजवळ नेहमी फ्लोरीनच लागतो. हे लक्षात ठेवा, खाली चाचणीत उपयोगी पडेल.

खानदानात दोन शाखा आहेत आणि बहुतेक भांडणं ती एकत्र केल्यामुळे होतात. पहिली म्हणजे टेफ्लॉनसारखे (नॉनस्टिक तव्यावरचा थर) पॉलिमर, म्हणजे लांबलचक, जड, अंगात न शोषले जाणारे रेणू. दुसरी म्हणजे पीएफओए, पीएफओएस असे छोटे, पाण्यात विरघळणारे रेणू. रक्तात सापडतात ते हे दुसरे. टेफ्लॉन बनवताना पीएफओए साबणासारखा वापरत. भट्टीतून निघालेल्या तव्यावर तो नगण्य उरायचा, पण कारखान्याच्या सांडपाण्यातून आणि धुराड्यातून भरपूर जायचा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँटच्या कारखान्यात हेच १९५१ पासून चाललं होतं.

तिथल्या खटल्यातून एक शास्त्रीय समिती नेमली गेली. सुमारे ६९ हजार लोकांचं रक्त आणि आजारांच्या नोंदी तपासून तिने पीएफओएचा "संभाव्य संबंध" सहा गोष्टींशी जोडला: वाढलेलं कोलेस्टेरॉल, थायरॉइडचे आजार, अल्सरेटिव्ह कोलायटिस, गरोदरपणातला रक्तदाब, मूत्रपिंडाचा कॅन्सर आणि वृषणाचा कॅन्सर. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने (आयएआरसी) पीएफओए गट १ मध्ये (माणसात कॅन्सर घडवणारा) आणि पीएफओएस गट २ब मध्ये (शक्यता आहे) टाकला.

डीडीटी चरबीत साठतं. पीएफओए तसं करत नाही. ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतं, आणि मूत्रपिंडाने गाळून बाहेर काढलेलं मूत्रपिंडच परत आत ओढून घेतं. त्यामुळे रक्तातलं पीएफओए निम्मं व्हायला माणसाला साधारण २.७ वर्षं लागतात, पीएफओएसला ३.४ आणि त्याच शाखेतल्या पीएफएचएक्सएसला ५.३. मादी उंदराच्या अंगातून हेच पीएफओए काही तासांत जातं. उंदरांवरचे जुने प्रयोग बघून बरीच वर्षं सगळे निर्धास्त राहिले, त्याचं एक कारण हे.

आवळाकँडी

लेख चांगला आहे, पण घरात प्रश्न साधा असतो. तवा टाकू की ठेवू? खरवडा उडालेला आहे.

भाकरीवाली

आवळाकँडी, खरवडा उडून पोटात गेलेला टेफ्लॉनचा तुकडा जसाच्या तसा बाहेर पडतो, त्याची धास्ती नको. खरवडलेला तवा टाकायचा तो चिकटतो म्हणून. खरी गोष्ट तापमानाची आहे.

टेफ्लॉन ३२७ अंशाला वितळतं. २६० च्या वर त्याचं हळूहळू विघटन सुरू होतं, ३५० पुढे धूर झपाट्याने निघतो. तो धूर माणसाला फ्लूसारखा ताप आणतो आणि पिंजऱ्यातला पोपट काही मिनिटांत मारू शकतो. पक्षी पाळणाऱ्यांनी घरात नॉनस्टिक ठेवूच नये.

आता आपल्या स्वयंपाकाकडे बघा. भाजीत पाणी आहे तोवर तळ १०० च्या आसपास राहतो. डोसा, घावन, थालीपीठ १८० ते २२० मध्ये होतात. फोडणीचं तेल धुरकटायला लागतं साधारण २३० ला, म्हणजे तेल स्वतःच इशारा देतं. पण रिकामा तवा मोठ्या बर्नरवर ठेवून फोन घ्यायला गेलात तर पाच मिनिटांच्या आत तो ३०० च्या पुढे जाऊ शकतो, आणि कोरडा तवा इशारा देत नाही.

म्हणून भाकरी आणि फुलके नॉनस्टिकवर नकोत. भाकरीला तवा चांगला कडक लागतो, आणि भाकरीच्या कडेबाहेरची गोल पट्टी पूर्ण वेळ कोरडी तापत राहते. मधे पीठ गार असलं तरी ती कड जळत असते. जुन्या नॉनस्टिक तव्याचा रंग आधी कडेला पिवळट-तपकिरी होतो, तो यामुळेच.

ज्यांच्या घरी कल्हईची भांडी होती त्यांना हा नियम नवा नाही. कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणून कल्हईचं पातेलं रिकामं चुलीवर ठेवलं की बोलणी खावी लागत. तीच शिस्त इथे पाळा: आधी तेल किंवा पदार्थ, मग मध्यम आच.

अभ्यासू_बोका

+१. खरेदीबद्दल भर घालतो.

"पीएफओए-फ्री" हे लेबल खोटं नसतं, पण त्याने काही कळत नाही. हजारातलं एक नाव नाही, एवढंच ते सांगतं. अमेरिकेत आठ मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत पीएफओए सोडायचं २००६ मध्येच कबूल केलं होतं, आणि त्याच्या जागी जेनएक्ससारखे आखूड भाऊबंद आले. वरचा थर टेफ्लॉनचाच आहे का, हे विचारा.

"ग्रॅनाइट", "मार्बल", "स्टोन" कोटिंग म्हणजे बहुतेक वेळा ठिपके टाकलेलं टेफ्लॉनच. "हार्ड अॅनोडाइज्ड" म्हणजे अॅल्युमिनियमवर कडक केलेला ऑक्साइडचा थर. त्यात फ्लोरीन नसतो, पण अशा कित्येक कढयांना आतून नॉनस्टिकचा थर वेगळा दिलेला असतो. डब्यावरचा बारीक मजकूर वाचा. "सिरॅमिक" म्हणजे सिलिकाचा थर. त्यात टेफ्लॉन नसतं, पण तो रोजच्या वापरात वर्ष-दोन वर्षांत चिकटायला लागतो. त्यावर तेलाचा स्प्रे मारला तर आणखी लवकर, कारण स्प्रेमधलं लेसिथिन जळून बसतं आणि निघत नाही.

आणि कृपया टूथपेस्टमधल्या फ्लोराइडला यात ओढू नका. तो साधा क्षार आहे, त्यात कार्बनची साखळीच नाही.

चिंचगूळ

हे सगळं मान्य, पण तव्यावर इतकी चर्चा म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तेलकट पदार्थांसाठीचा कागद, पाऊस झटकणारं कापड, सोफ्यावरचा डाग न पडणारा लेप, वॉटरप्रूफ मस्कारा, काही दातांचे धागे: यातले रेणू सुटे असतात किंवा सहज सुटतात. उसाच्या चोयट्याचे पांढरे बाऊल "पर्यावरणपूरक" म्हणून लग्नात वाढायला आले. तेल झिरपू नये म्हणून त्यांच्या लगद्यातच पीएफएएस घालण्याची पद्धत होती. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की असे तेलरोधक पदार्थ तिथे अन्नाच्या कागदासाठी आता विकले जात नाहीत. आपल्याकडे एफएसएसएआयने अन्नाच्या वेष्टनात पीएफएएस नको, असा मसुदा २०२५ मध्ये काढला.

पळसाच्या पत्रावळीला आणि सुपारीच्या विरीच्या ताटाला हा प्रश्न नाही.

आवळाकँडी

पण बाऊल बघून कसं ओळखायचं? दुकानदाराला विचारलं तर "फुल नॅचरल" म्हणतो.

रसायनी_पाताळगंगा

तेलाच्या थेंबाने. प्रयोगशाळेचा पर्याय नाही, पण चाळणी म्हणून उत्तम.

साहित्य: ड्रॉपर किंवा काडीचं टोक, साधं गोडेतेल, पाणी, टिश्यू पेपर, घड्याळ. बाऊल कोरडा आणि खोलीच्या तापमानाचा हवा.

बाऊलच्या आतल्या सपाट भागावर तेलाचा एक छोटा थेंब ठेवा. पसरवू नका, थेंब आपोआप सुटू द्या. डोळे पृष्ठभागाच्या उंचीला आणून बाजूने बघा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

थेंब अळूच्या पानावर पाणी बसतं तसा गोल, उंच उभा राहिला, पाच मिनिटांनीही तसाच आहे, आणि टिश्यूने टिपल्यावर खाली डाग नाही: फ्लोरीनची दाट शंका. थेंब चपटा होऊन पसरला, पण मागच्या बाजूला उमटला नाही: प्लास्टिकची फिल्म किंवा मेण. तेल मुरलं आणि कागद त्या जागी पारदर्शक झाला: काहीच लेप नाही.

पाण्याच्या थेंबाने ही चाचणी करू नका. पाणी मेणावरही गोळा होतं, सिलिकोनवरही. इंटरनेटवरचे निम्मे व्हिडिओ इथेच चुकतात. गरम तेलही नको, त्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते लेपावरही पसरतं, म्हणजे दोषी सुटतो. बाऊलच्या घडीवर किंवा काठावर करू नका, तिथे लेप तुटलेला असतो. वेगवेगळ्या ठिकाणी तीन थेंब टाका.

हीच चाचणी रेनकोट, छत्री, सोफ्याच्या कापडावर चालते. पाणी घरंगळतं पण तेल मुरतं: मेण किंवा सिलिकोन. दोन्ही घरंगळतात: फ्लोरीन. कापडावर डाग पडेल, आतल्या शिवणीजवळ करा.

सह्याद्री_भटक्या

रेनकोटबद्दल. पाऊस अडवतो तो आतला पॉलियुरेथेनचा किंवा पीव्हीसीचा थर. फ्लोरीनचा लेप बाहेरचं कापड ओलं होऊन जड होऊ नये म्हणून असतो. शहरात स्टेशनपर्यंत जायला साधा पीव्हीसीचा कोट पुरतो, त्याला या लेपाची गरजच नाही. ट्रेकच्या महाग जॅकेटमध्ये मात्र पडदाच टेफ्लॉनचा असू शकतो. नवीन घेताना "पीएफएएस-फ्री डीडब्ल्यूआर" बघा (डीडब्ल्यूआर म्हणजे बाहेरचा पाणी झटकणारा लेप). नुसतं "पीएफसी-फ्री" लिहिलेलं धूसर आहे, कंपन्या त्याचा अर्थ आपापल्या सोयीने लावतात.

फ्रान्सने १ जानेवारी २०२६ पासून कपडे, सौंदर्यप्रसाधनं आणि स्कीचं मेण यांत पीएफएएसवर बंदी आणली. भांडी मात्र त्या कायद्यातून वगळली गेली. भांडीवाल्यांनी तिथे मोर्चा काढला होता.

जुन्या जॅकेटवर वॉटरप्रूफिंग स्प्रे मारणार असाल तर बंद खोलीत कधीच नको. बारीक तुषार फुप्फुसात गेले की तीव्र त्रास होतो, आणि तो पीएफएएस असो-नसो होतो.

डॉक्टरकीचा_किडा

तब्येतीच्या बाजूने दोन-तीन गोष्टी, कारण वर कॅन्सरवरच जास्त भर आलाय.

कमी मात्रेत सगळ्यात आधी दिसणारा परिणाम प्रतिकारशक्तीवरचा आहे. फॅरो बेटांवरच्या मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात पीएफएएस दुप्पट, त्यांच्यात सातव्या वर्षी धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशीची प्रतिपिंडं जवळपास निम्मी होती. याच प्रकारच्या पुराव्यावरून युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने (ईएफएसए) २०२० मध्ये चार पीएफएएस मिळून आठवड्याला दर किलो वजनामागे ४.४ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली. ६० किलोच्या माणसाला आठवड्याचे २६४ नॅनोग्रॅम.

कोलेस्टेरॉलची वाढ खरी आहे, पण छोटी. कुणाचं एलडीएल १९० आलं तर त्याचं खापर तव्यावर फोडून गोळी बंद करू नका.

रक्त तपासायचं का? अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२२ मध्ये पट्टे दिले. सात पीएफएएसची बेरीज दर मिलिलिटरला २ नॅनोग्रॅमखाली असेल तर परिणाम अपेक्षित नाही, २ ते २० मध्ये संवेदनशील लोकांनी, विशेषतः गरोदर बायकांनी लक्ष ठेवावं, २० च्या वर थायरॉइड, मूत्रपिंड आणि वृषणाची नियमित तपासणी. कारखान्याजवळ राहणारे आणि आग विझवायचा पीएफएएसवाला फेस वापरणारे अग्निशामक यांच्यासाठी याला अर्थ आहे. इतरांनी हौसेने केलं तर हातात आकडा येईल आणि पुढे करायला काही नसेल.

औषध नाही. ऑस्ट्रेलियातल्या अग्निशामकांवरच्या चाचणीत वर्षभर दर सहा आठवड्यांनी प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) दान केल्यावर पीएफओएस साधारण ३० टक्क्यांनी उतरलं. घाम काढून, धने-जिऱ्याचं पाणी पिऊन, "डिटॉक्स" करून उतरत नाही.

आईच्या दुधातून बाळाला जातं, हे खरं. तरीही अंगावर पाजणं थांबवा, असं आरोग्य यंत्रणा सांगत नाहीत, कारण दुधाचे फायदे जास्त वजनदार आहेत.

मुंबई_मालाड

प्लास्टिकच्या डब्यातलं बीपीए पण यातच ना?

डॉक्टरकीचा_किडा

नाही. बीपीए आणि थॅलेट ही प्लास्टिकमधली रसायनं शरीर एक-दोन दिवसांत लघवीतून काढतं. ते त्रासदायक ठरतात रोज नवं आत येत राहतं म्हणून. पीएफएएस त्रासदायक ठरतं जुनं बाहेर जात नाही म्हणून. उपायही म्हणून वेगळे: डबा आज बदला, परवा फरक दिसेल. पीएफएएसचा स्रोत आज तोडलात तर सोळावा हिस्सा उरायला पीएफओएला अकरा वर्षं जवळपास लागतील.

लोटे_ते_दाभोळ

तवा आणि बाऊल झाले. आता कारखान्याचं. इटलीत व्हिचेंझाजवळच्या त्रिस्सिनोला मितेनी नावाचा कारखाना होता. त्याने भूजल बिघडवल्याचं २०१३ मध्ये उघड झालं. बाधित पट्ट्यात साडेतीन लाखांच्या आसपास लोक. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं, शिक्षा मिळून १४१ वर्षांच्या. त्या कारखान्याची यंत्रं लिलावात एका भारतीय कंपनीच्या उपकंपनीने घेतली आणि ती आली आमच्या लोटे-परशुरामला. सांडपाणी शेवटी दाभोळच्या खाडीकडेच जातं. आणि आयएस १०५०० या पाण्याच्या मानकात पीएफएएसची ओळच नाही.

जलतज्ज्ञ_नाही_पण

लोटे_ते_दाभोळ, काळजी रास्त आहे, पण यंत्र आलं म्हणजे विहीर बिघडली असं नाही. म्हणूनच आत्ताचं पाणी तपासून ठेवणं महत्त्वाचं. आजचा आकडा कागदावर नसेल तर दहा वर्षांनी तुलना कशाशी करणार? कोकणात जांभा सच्छिद्र, त्यामुळे वरचं पाणी विहिरीत पटकन उतरतं. पावसाळ्याआधी एक नमुना आणि पावसाळा संपल्यावर एक, असे दोन हवेत.

मात्रा किती लहान आहे बघा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने (ईपीए) २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएससाठी प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. १० हजार लिटरच्या टँकरमध्ये हे होतात ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या एका बारीक कणाएवढं. युरोपची मर्यादा वीस पीएफएएस मिळून लिटरला १०० नॅनोग्रॅम. इतक्या कमी मात्रेत नमुना घेणारा माणूसच नमुना बिघडवतो.

प्रयोगशाळेला आधी विचारा: एलसी-एमएस/एमएस (इतक्या कमी मात्रा मोजणारं यंत्र) आहे का, पद्धत ईपीए ५३३ की ५३७.१, आणि किमान किती नॅनोग्रॅमपर्यंत मोजता. "लिटरला १ मायक्रोग्रॅमखाली" असा अहवाल देणारी प्रयोगशाळा इथे निरुपयोगी, कारण १ मायक्रोग्रॅम म्हणजे १००० नॅनोग्रॅम.

बाटल्या त्यांच्याकडूनच घ्या: पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई, झाकणाच्या आत टेफ्लॉनची चकती नको. काचेची बाटली नको, काही पीएफएएस काचेला चिकटतात आणि आकडा कमी येतो. बाटलीत पांढरी पूड असेल तर ती फेकू नका, बाटली विसळू नका. ती क्लोरीन मारण्यासाठी आणि नमुना टिकण्यासाठी असते. पंप किंवा नळ पाचेक मिनिटं वाहू द्या, नळाला टेफ्लॉन टेप गुंडाळलेली असेल तर दुसरा नळ शोधा. हातात नायट्राइल मोजे. अंगावर रेनकोट, चेहऱ्यावर सनस्क्रीन, खिशात वडापावचा तेलरोधक कागद असं काही नको. एका बाटलीत प्रयोगशाळेने दिलेलं शुद्ध पाणी तिथेच उघड्यावर ओता आणि तेही पाठवा. त्यातही पीएफएएस निघालं तर दोष विहिरीचा नाही, हाताळणीचा आहे. बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी रवाना करा.

आवळाकँडी

आणि घरच्या फिल्टरने जातं का? आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे.

जलतज्ज्ञ_नाही_पण

उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. तुरटी, यूव्ही, यूएफ, कापडी गाळणी: शून्य. कार्बन लांब साखळीची पकडतं, आखूडची लवकर सोडून देतं. कार्ट्रिज भरली की मागचं पकडलेलंही पाण्यात परत येऊ शकतं, म्हणून ती बदलायची तारीख पाळायची. आरओ मेंब्रेन ठीक असेल तर ९० टक्क्यांहून जास्त जातं. पण त्याचं वाया जाणारं पाणी जास्त पीएफएएसवालं असतं. त्याने फरशी पुसा, परसातल्या पालेभाजीला घालू नका.

टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, पीएफएएस दाखवत नाही. त्याचा सगळ्यात लहान आकडाच लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाख नॅनोग्रॅम. पण मेंब्रेन जिवंत आहे का, ते कळतं: आत ५००, बाहेर ५० म्हणजे ९० टक्के. बाहेर १०० च्या वर जायला लागलं तर मेंब्रेन बदला.

यात एक मेख आहे. आपल्याकडच्या बहुतेक आरओत "टीडीएस कंट्रोलर" असतो. चवीसाठी तो मेंब्रेनला वळसा घालून आलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो, म्हणजे पीएफएएसही सरळ ग्लासात. तो बंद करा. चव बेचव लागली तर मिनरल कार्ट्रिज लावा, ती मेंब्रेनच्या पुढे बसते म्हणून चालते.

आवळाकँडी

कंट्रोलरचा स्क्रू सापडला. कुठल्या बाजूला फिरवायचा?

जलतज्ज्ञ_नाही_पण

मॉडेलप्रमाणे बदलतं. आधी बाहेरच्या पाण्याचा टीडीएस लिहून ठेवा. स्क्रू एका बाजूला टेकेपर्यंत हलक्या हाताने फिरवा, जोर लावलात तर प्लास्टिकचा आटा जातो. टाकीतलं जुनं पाणी पूर्ण काढून टाका, नवीन भरू द्या आणि परत मोजा. आकडा चढला असेल तर उलटा फिरवलात.